कांदाभजीचा पंचनामा

सेवेतल्या बहुतेक प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एक पंचनामा मात्र अजूनही जवळजवळ तोंडपाठ आहे. 'कांदाभजी अंदाजे चार किलो, जिलेबी दोन किलो, उघडे दूध एक घागर. पंचांसमक्ष खड्ड्यात पुरून नष्ट केले.'

परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठच्या एका बाजाराच्या गावी मी तेव्हा फौजदार होतो. नामांतराच्या आंदोलनाची वर्षे होती. ठाण्यातली निम्मी माणसे कायम बंदोबस्तावर असत. अशात एका पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोची साथ आली. दवाखान्यातल्या खाटा संपल्या, व्हरांड्यात सलाइन लागले. सहाव्या दिवशी हॉटेले आणि खाण्याचे गाडे बंद करण्याचा हुकूम निघाला. तहसीलच्या पथकाने उघड्या दुकानांतले अन्न जप्त करून पुरले आणि जागेवर पंचनामे केले. पुढे सरकारने छोट्या दुकानदारांना मदत जाहीर केली, तेव्हा हेच पंचनामे आधार धरले गेले. ज्याचा माल नष्ट झाला त्याला मदत, असा सरळ हिशेब होता.

साथ ओसरल्यावर महिनाभराने बसस्टँडसमोरचा एक हॉटेलवाला ठाण्यात आला.

"साहेब, माझ्या शेजारच्या बाईनं सरकारला टोपी घातली."

"कशी?"

"माल पुरला म्हनून तिला मदत मिळाली. आन् पथक आलं त्या दिवशी तिच्या दुकानाला कुलूप व्हतं. मंग पुरलं काय, कुलूप?"

तक्रार द्वेषातून आलेली असली तरी खोटी असतेच असे नाही. मी तहसीलमधून पंचनामा मागवला आणि जमादाराला घेऊन त्या दुकानावर गेलो. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, दोन बाकडी आणि एक मोठी लोखंडी कढई. बाई पन्नाशीची, लिंगायत, विधवा. कपाळावर विभूतीचे पट्टे. म्हातारी सासू आणि ती, दोघींचे पोट त्या कढईवर होते. मिळालेल्या मदतीतून तिने पत्रे बदलले होते आणि बेसन भरून दुकान पुन्हा सुरू केले होते. गुन्हा सिद्ध झाला असता तर मदतीबरोबर दुकानाचा परवानाही गेला असता.

माझे मत तिथे पोचण्याआधीच बनले होते. जमलेल्या गर्दीसमोर मी पंचनामा जरा चढ्या आवाजातच वाचला. पहिल्याच ओळीवर तिने हात वर केला.

"थांबा साहेब. कंचा वार हाय त्याच्यावर?"

"सोमवार."

"श्रावणातला?"

जमादाराने बोटांवर मोजले आणि मान हलवली.

"मंग ह्यो कागद माझ्या दुकानाचा न्हाई. श्रावणभर माझ्या चुलीवर कांदा चढत न्हाई. सोमवारी तर भगर आन् शेंगदान्याची आमटी, दुसरं काईच न्हाई. बाजाराला इचारा."

गर्दीतून एक हमाल ओरडला, "खरंय साहेब! श्रावणात मावशीच्या दुकानात आमी पाय बी ठेवत न्हाई."

लोक हसले. ती हसली नाही.

"मग कागदावर अंगठा कुणाचा?"

"माझाच. बाबू म्हनला, मदतीचा कागद हाय, अंगठा द्या. मला कुठं वाचता येतंय?"

"पथक आले तेव्हा दुकान बंद होते?"

"पयल्याच दिवशी बंद केलं की. समोरच्या एका हमालाला वांत्या सुरू झाल्या. आदल्या दिवशी तो माझ्याकडंच जेवला व्हता. माझ्या पान्यानं झालं का कशानं, देवाला ठाव. रांजण उपडा केला आन् कुलूप घातलं. तुमच्या हुकमाला सहा दिवस लागले."

ठाण्यात परतल्यावर मी तक्रारदाराच्या स्वतःच्या हॉटेलचा पंचनामा मागवला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. वजनासकट अक्षरन् अक्षर एकच होते. तक्रारदाराच्या मालाची यादी तिच्या नावावर उतरवली गेली होती.

दोन्ही पंचनामे लिहिणारा कारकून एकच. त्याला बोलावले, पाणी दिले, दोन्ही कागद समोर सरकवले. चौकशीत माणूस खोटे बोलणार असेल तर आधी कागद उचलून वाचतो, असा माझा अनुभव आहे. त्याने कागदाला हात लावला नाही.

"मीच लिहिलं, साहेब."

"किती घेतले तिच्याकडून?"

"चहासुद्धा घेतला नाही. साहेब, शेवटपर्यंत माशा बसलेली भजी विकणाऱ्यांना मदत मिळाली. पहिल्या दिवशी कुलूप लावणारीला काहीच नाही. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता. म्हणून शेजारचा पंचनामा उतरवला."

"श्रावण आठवला नाही?"

"मालाकडं बघितलंच नाही. नुसता उतरवला."

त्याने पैसे घेतले नव्हते, याची खात्री करून घ्यायला मी दोन दिवस घालवले. त्याचे म्हणणे खरे निघाले. राहिला पंच. तो ठाण्याच्या कुंपणालगत मशीन मांडून बसणारा शिंपी होता.

"पंचनाम्याच्या वेळी तू हजर होतास?"

"न्हाई साहेब."

"मग सही कशी केलीस?"

"मागितली, दिली. मशीन सोडून कुठं कुठं पळू? तुमचे जमादार बी कागद हितंच घेऊन येत्यात की."

जमादार रस्त्याकडे पाहू लागला. मी ठाण्यातली त्या वर्षाची प्रकरणे काढली. निम्म्याहून अधिक पंचनाम्यांवर याच शिंप्याची सही होती. त्यातल्या काहींवर त्याच्या सहीखाली माझीही होती.

बाईवर गुन्हा नोंदवला नाही. कारकुनावर मात्र नोंदवावाच लागला. सरकारी नोकराने खोटा दस्तऐवज केला होता, हेतू काहीही असो. खटल्यात शिंपी साक्षीला उभा राहिला. बचावाच्या वकिलाने आमच्याच ठाण्याचे चार पंचनामे त्याच्यापुढे धरले आणि विचारले, यांपैकी कोणत्या जागी तू गेला होतास? तो म्हणाला, एकाही न्हाई. त्यानंतर प्रकरणात काही उरले नाही. कारकून सुटला आणि कामावर परतला.

महसूल खाते मात्र कोर्टासाठी थांबले नव्हते. बाईला वसुलीची नोटीस केव्हाच गेली होती. तिने दुकान पहिल्या दिवसापासून स्वतःहून बंद ठेवले होते, याचा विचार व्हावा, असे मी अहवालात स्पष्ट लिहिले होते. 'तशी तरतूद नाही,' असे एका ओळीचे उत्तर आले. तिने कढई विकून भरणा केला. कढई घेतली तक्रारदाराने.

आता समाधान झाले का, असे मी त्याला विचारले, तर म्हणाला, "मला वाटलं, तुमी तिला दम देऊन सोडाल. लय वाईट वाटलं, साहेब. म्हनून तर कढईला चांगला भाव दिला."

माशा बसलेले अन्न विकणाऱ्यांना मदत मिळाली. खोटे लिहिणारा सुटला. न बघता सही करणारा शिंपी आणि त्या सह्या चालवून घेणारा मी, आम्हाला कुणी बोलही लावला नाही. भरपाई एकटीने केली, आणि साथीत स्वतःहून कुलूप लावणारी बाजारात तीच एक होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी पंचाला जागेवर नेल्याशिवाय आणि कागद वाचून दाखवल्याशिवाय सही घेतली नाही. त्यापायी कामे लांबली, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण त्या बाईला त्याचा काही उपयोग झाला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पुढच्या श्रावणात एका सोमवारी मी तिच्या दुकानात गेलो. चुलीवर लहानसे पातेले होते. शेजारून भज्यांचा वास येत होता. तिने भगर आणि आमटी वाढली आणि समोर उभी राहिली.

"साहेब, एक इचारू? पुन्हा साथ आली तर काय करायचं? उघडं ठेवायचं का कुलूप घालायचं?"

मी म्हणालो, "कुलूप घाला, मावशी."

"ते तर घालनारच हाय," ती म्हणाली. "तुमी काय सांगताव, ते बघितलं."