कलाबाईंच्या उजव्या डोळ्याचा कोन

कलाबाई बावीस वर्षांपासून मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवत आल्या आहेत. मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. त्या एकदाही उशिरा आल्याचे मला स्मरत नाही.

गेल्या जानेवारीत शाळेत बुलढाण्याच्या दवाखान्याचे गावकऱ्यांसाठी नेत्रतपासणी शिबिर झाले. व्यवस्था माझ्याकडे होती. डोळ्यातले पाणी बुबुळाच्या कडेच्या कोनातून बाहेर जाते; तो कोन अरुंद असला तर एखाद्या दिवशी बंद होतो, दाब चढतो आणि दृष्टी जाते. कोन किती मोकळा आहे, हे यंत्राने छायाचित्र काढून पाहायचे होते. यंत्र चालवणाऱ्या प्रज्वलने अंधारी खोली मागितली होती. परंतु वृद्धांना ठेच लागेल, म्हणून मी खिडक्या उघडवल्या आणि दिवे लावले. उजेडात बाहुली आकसते व अरुंद कोनही मोकळा दिसतो, हे मला ठाऊक नव्हते. प्रज्वलला होते. तो माझा जुना विद्यार्थी. माझ्यापुढे तो काही बोलला नाही. कलाबाईंच्या कागदावर ‘कोन मोकळा’ असा शेरा पडला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा डावा डोळा लाल झाला, डोके ठणकू लागले, वांत्या झाल्या. त्या शेऱ्यावर विसंबून त्या दोन दिवस पित्ताच्या गोळ्या घेत राहिल्या. बुलढाण्याला नेईपर्यंत डोळा गेला होता. त्या रडल्या नाहीत. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तपासणी तातडीने करायला सांगितली, तेव्हा मात्र त्यांनी मान हलवून नकार दिला.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

“कलाबाई, त्या दिवशी खोलीत उजेड मी करवला होता. चूक माझी आहे.”

“मले मालूम हाय, गुरुजी. प्रज्वलनं सांगतलं.”

“मंग आता जाता काऊन नाही, आत्याबाई?” सून समता म्हणाली.

“एकच डोया राह्यला, पोरी. तो बी त्याच मशिनीपुढं नेऊ? अन् गुरुजी तेथी बी येतीन, दिवे लावाले!”

समता हसली. मला हसता आले नाही. कलाबाईही हसल्या नव्हत्या.

समता दोन दिवस सासूशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कलाबाई म्हणाल्या, “चाल.”

त्याच दवाखान्यात यंत्रावर प्रज्वलच होता. मी आत जाऊ लागलो तसा तो म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बाहेर थांबा. दार लावायचं आहे.” इतक्या वर्षांत त्याने मला प्रथमच अडवले. मी बाकावर बसलो.

कोन जवळजवळ मिटलेला निघाला. त्याच दुपारी डॉक्टरांनी लेझरने बुबुळाच्या पडद्याला बारीक छिद्र पाडले. आठवड्याने दाब मोजला. तो चौदा, म्हणजे योग्य, होता. समताच्या डोळ्यांत पाणी आले. कलाबाईंनी आकडा ऐकला आणि मला विचारले,

“सोमवारपासून कामावर येऊ ना?”

मी आता निवृत्त आहे. ते ठरवण्याचा अधिकार मला नाही. तरी मी “या” म्हणालो.