पारकर साहेबाचं सूतक

साल एकोणीसशे तेहेतीस. कार्तिक नुकता लागला होता. भाऊबीज उरकली होती, कापलेलं भात खळ्यात येत होतं आणि तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं. तेवढ्या दिवसांत मी जो गाढवपणा केला तो आता सांगतो. हसायचं तर हसा. पण चहा सांडू नका, जाजम नवं आहे.

मी कमी बोलणारा माणूस. शिक्षण मराठी दुसरी. तरी गावात मला मान होता, आणि तो एकाच गोष्टीमुळे. तरुणपणी मी मुंबईला गोदीत कामाला होतो. त्यामुळे साहेब लोकांचं काहीही निघालं की गाव माझ्याकडे बघायचं. मी म्हणायचो, "गोदीत पाहिलंय मी." झालं! पुढे कोणी विचारत नसे.

खरं सांगू? गोदीत मी साहेब एकच पाहिला. तोही पाठमोरा.

आमचं गाव चौलच्या अलीकडे, समुद्राला लागून. तिथे इंग्रजी शाळा निघाली होती. चालकांना हौस फार. इंग्रजी शिकवायला खराखुरा विलायतेचा मास्तर आणायचं ठरलं. आता साहेब येणार म्हणजे त्याला घर नको? वाडीच्या टोकाला माझं दुसरं घर मोकळं होतं. कौलारू, दोन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर. शेजारी हिराई कोळणीचं अंगण, दोरीवर बोंबील, खाली जवळा वाळत घातलेला. शेजार एकदम चांगला.

हेडमास्तर सुट्टीआधी घर बघून गेले.

"तात्या, घर झकास आहे. पण खाट?"

"साहेब दुसऱ्याच्या खाटेवर पाठ टेकत नाही. आपली आणतो."

"खुर्ची?"

"आणतो."

"आणि रांधायला?"

"चूल आहे. लाकडं रचून ठेवलीत."

"साहेबाला चूल पेटवता येईल का हो?"

"हेडमास्तर, गोदीत पाहिलंय मी."

हेडमास्तर मान डोलावून दिवाळीला पुण्याला सासुरवाडीला गेले. गावात इंग्रजी बोलणारा त्यांच्याशिवाय कोणी नव्हता. एवढं ध्यानात ठेवा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साहेब मचव्यातून उतरला. उंच, लालबुंद, हातात एक ट्रंक. खाट नाही, खुर्ची नाही. म्हटलं, मागून येईल. नाव त्याचं पार्कर. गावाने दुपारपर्यंत त्याचा पारकर केला. हिराई म्हणाली, "पारकर म्हंजे मालवनाकडचं का रं त्ये?"

आता माझं काय अडलं होतं तेही ऐका. माझी यमुना लग्नाची. तळे गावातलं एक स्थळ आलं होतं, घर मोठं, माणसं मानी. होणारे व्याही म्हणाले, "तात्या, तुमच्या घरात साहेब राहणार म्हणे? मग तो साखरपुड्याला बसला पाहिजे. आमच्या भाऊबंदांना दिसू दे." मी म्हटलं, "बसेल. माझा शब्द." तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी साखरपुडा ठरला. शब्द गेला असता तर स्थळ गेलं असतं. आणि स्थळ गेलं असतं तर आमच्या कुटुंबाने मला घरात घेतलं नसतं!

तर साहेब आला आणि दुसऱ्याच दिवशी हिराई धावत माझ्या ओटीवर.

"तात्या, साहेबाचं कायतरी बिनसलंय. भर दुपारचं दार लावून बसलंय!"

तुम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. तिन्हीसांजेला तर नाहीच नाही. मी जाऊन पाहिलं. दार बंद. कौलांतून धूर नाही, म्हणजे चूल पेटलेली नाही. खिडकीच्या फटीतून डोकावलो. साहेब जमिनीवर घोंगडी टाकून पडलेला. दाढी वाढलेली. नाकाडोळ्यांना रुमाल, आणि डोळ्यांतून पाणी.

दार बंद, चूल बंद, जमिनीवर झोप, दाढी केलेली नाही, डोळ्यांत पाणी. तुम्हीच सांगा, आपल्यात याचा अर्थ काय?

हिराईने तोंडावर पदर घेतला. "गेलं का रं कोनी?"

"आई," मी म्हटलं.

"तुला काय ठावं?"

"एवढा मोठा बाप्या दुसऱ्या कोणासाठी रडतो का?"

"पन त्ये बोललं न्हाय त्ये कोनाला!"

"साहेब लोक दुःख बोलून दाखवत नाहीत. गोदीत पाहिलंय मी."

संध्याकाळी आम्ही पाच जण बसायला गेलो. दुखवट्याला जातात तसे. नमस्कार नाही, रामराम नाही. साहेबाने दार उघडलं, हसून म्हणाला, "नमस्कार!" एवढं एक त्याला मराठी येत होतं. आम्ही कोणी उत्तर दिलं नाही. बिचारा दुःखात हसतोय, म्हणून मला भरून आलं. भिंतीला टेकून माना खाली घालून बसलो. साहेबाने एकेकाकडे पाहिलं. मग तोही भिंतीला टेकून बसला. मान खाली घातली. बराच वेळ गेला. मग आम्ही उठलो, चपला घातल्या आणि 'येतो' न म्हणता निघालो. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. साहेब दारात हात वर करून उभा. आम्ही वळून पाहिलं नाही.

आमच्या कुटुंबाने पिठलं-भात करून पाठवला. ज्या घरी माणूस जातं तिथे शेजाऱ्यांनी पिठलं-भात पोचवायचा, ही रीत. साहेबाने ताट असं पुसून खाल्लं की घासायचं कामच उरलं नाही.

कुटुंब म्हणालं, "अहो, आई गेल्यावर एवढी भूक?"

"आई तिकडे विलायतेत वारली. दुःख पोचायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवशी बायका गेल्या. हिराई थेट बोंबलांच्या दोरीवरून उठून गेली आणि साहेबाच्या अगदी जवळ बसली. मायाळू बाई! ती जवळ सरकली मात्र, साहेबाने रुमाल नाकाडोळ्यांवर गच्च धरला. धारा लागल्या हो! ते बघून हिराईने हंबरडा फोडला. ती आणखी जवळ सरकली. साहेब आणखी रडला. बायका सांगत आल्या, "असा मुलगा व्हायला पुण्याई लागते."

मग काय विचारता! रोज एका घरचा पिठलं-भात. रोज माणसं बसून जायची. साहेबही शिकला. आम्ही आलो की लगेच भिंतीला टेकायचा, मान खाली घालायचा, रुमाल काढायचा. आम्ही निघालो की गप्प. नमस्कार करणंही त्याने सोडून दिलं. मी म्हटलं, दुःख मुरलं.

पण साखरपुडा तोंडावर आला होता. सूतकातला माणूस साखरपुड्याला कसा बसवायचा? व्याह्यांना दिलेला शब्द तर मोडता येत नव्हता. मी बोटांवर हिशेब केला. साहेब आला त्या दिवसापासून सूतक धरलं तर दहावा नेमका तुळशीच्या लग्नाच्या दिवशी येत होता. दुसऱ्या दिवशी साहेब मोकळा! मी स्वतःवरच खूष झालो.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी गणू न्हाव्याला बोलावलं.

"साहेबाच्या आईचा दहावा आहे. हजामत करून टाक."

"सगळी?"

"सगळी."

"शेंडी ठेवू?"

आता आली का पंचाईत! साहेबाला शेंडी असते की नसते? गोदीतल्या साहेबाच्या डोक्यावर टोपी होती.

"ठेव," मी म्हटलं. "असू दे."

गणू वाटी आणि वस्तरा घेऊन गेला. साहेबाला वस्तरा दिसताच केवढा आनंद झाला म्हणून सांगू! दाढीवर हात फिरवत गणूसमोर मांडी घालून बसला. गणूने दाढी केली, मिशी काढली आणि मग डोकं धरलं. साहेब "नो, नो" म्हणाला. गणूला वाटलं, 'नऊ, नऊ' मोजतोय. साहेबाने आरशात पाहिलं तेव्हा अर्धं डोकं गेलं होतं. मग तो जोरात हसला आणि उरलेलं डोकं पुढे केलं. भला माणूस!

त्याच संध्याकाळी मी यमुनेला घेऊन त्याच्याकडे गेलो. उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या, यमुनेकडे बोट केलं, माझ्या घराकडे बोट केलं, उद्याचा सूर्य कुठे येईल ते दाखवलं. साहेबाने मान डोलावली. समजलं त्याला. मला वाटलं, आता चिंता मिटली.

साखरपुड्याचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, जाजमावर तळ्याची मंडळी. व्याही मधोमध, फेटा बांधून. त्यांचे भाऊबंद सारखे फाटकाकडे बघत होते. साखरेचा पुडा ताटात, बाजूला हळदकुंकू. यमुना आत नटून बसलेली.

व्याही म्हणाले, "तात्या, तुमचा साहेब?"

"येतोय," मी म्हटलं आणि मिशीवर ताव दिला.

आणि साहेब आला.

काळा कोट, चकचकीत बूट, चकचकीत डोकं आणि मागे वाऱ्यावर उडणारी सोनेरी शेंडी. हातात झाकलेलं पातेलं. मंडळी उठून उभी राहिली, हात जोडले, "या साहेब, या!" साहेबाने कोणाकडे पाहिलं नाही. बूट काढले. पातेलं नेऊन बरोब्बर साखरेच्या पुड्याशेजारी ठेवलं. झाकण काढलं.

पिठलं-भात.

मग तो मांडवाच्या खांबाला टेकून बसला, मान खाली घातली, रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला.

कोणीतरी बाई आत पुटपुटली, "अगो बाई!" आमच्या कुटुंबाने दाराआडून माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

व्याह्यांनी पातेल्याकडे बोट केलं. "तात्या, घरात कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग हे काय? सूतक लपवून साखरपुडा करताय?"

त्यांनी पुडा उचलून काखेत मारला. भाऊबंद चपला शोधू लागले. इकडे साहेबाने आपला वेळ पुरा केला, उठला, बूट घातले आणि 'येतो' न म्हणता, मागे न बघता चालायला लागला. वळण बरोबर घेतलं होतं हो त्याने! एक चूक नाही.

तेवढ्यात फाटकात हेडमास्तर. पुण्याहून नुकतेच उतरलेले. साहेबाला बघून त्यांच्या हातातली पिशवी पडली. ते दोघं इंग्रजीत बोलले, साहेब हातवारे करत होता, शेंडी दाखवत होता. हेडमास्तरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. ते साहेबाला घेऊन मांडवात आले.

"मंडळी, बसा," ते म्हणाले. "साहेब म्हणतो, इतकं चांगलं गाव त्याने पाहिलं नाही. रोज माणसं भेटायला येतात, वायफळ बोलत नाहीत, शांत बसून जातात. जेवण पाठवतात. गावची रीत त्याने नीट पाहून घेतली आणि आज पहिल्यांदा स्वतः चूल पेटवून, स्वतः रांधून तात्यांचं देणं फेडायला आला."

व्याही म्हणाले, "मग त्याची आई?"

"आई ठणठणीत आहे. नाताळात येणार आहे."

"कुठे?"

"तात्यांच्याच घरात."

मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. शाळेतल्या पोराकडे वळावं तसे.

"तात्या, साहेब एकच विचारतो. इथे सगळेच जमिनीवर झोपतात का? नाही, म्हणजे त्याला घरात खाट सापडली नाही. चूल पेटवता येईना म्हणून पाणी तापलं नाही, म्हणून दाढी राहिली. आणि शेजारच्या बोंबलांनी त्याचे डोळे इतके झोंबतात की दार-खिडकी लावून घ्यावी लागते."

मांडवातून हिराईचा आवाज आला. "म्हंजे त्ये माझ्या बोंबलाला रडत व्हतं?"

झालं! व्याह्यांनी आधी दात आवळले. मग फेटा हलायला लागला. मग पोट. मग ते जे हसले, पुडा काखेतून सुटला, साखर जाजमावर सांडली आणि तिच्यावरच ते आडवे झाले. भाऊबंद हसले, भटजी हसले, आत यमुना हसली. साहेबाला काही कळलं नव्हतं, पण सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. फक्त दोघं जण हसली नाहीत. एक मी. दुसरं आमचं कुटुंब.

व्याह्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "तात्या, मुलगी पसंत. पण एक अट. माणसाने एवढं रांधून आणलंय, ते वाया जाता कामा नये. तुम्ही खायचं. सगळं. आमच्यासमोर."

मी पान मांडून घेतलं. पिठलं करपलेलं होतं. मीठ नव्हतं. भात कच्चा. मंडळी गोल करून बसली, भिंतीला टेकल्यासारखी, माना खाली घालून. एकेकाचे खांदे हलत होते. मी पातेलं पुसून खाल्लं.

मग हात धुतले. आतल्या खोलीत गेलो. माझी स्वतःची शिसवी खाट उभी केली, डोक्यावर घेतली आणि भर दुपारी सगळ्या गावासमोरून वाडीच्या टोकाला नेली. साहेबाच्या घरात, खिडकीपासून लांब, भिंतीला लावून टाकली. धुतलेलं पातेलं तिच्यावर ठेवलं.

साहेब दारात हात वर करून उभा होता.

मी चपला घातल्या आणि 'येतो' न म्हणता निघालो.