पडलेल्या उमेदवाराचं पत्रक

संगमनेरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि पीएचडीला विषय घेतलाय इंग्लंडमधल्या निवडणुकांचा. स्टाफरूममध्ये चिडवतात, मॅडम प्रवरेकाठी बसून लंडनची मतं मोजतात. चिडवोत बापडे. पक्षांची इतिवृत्तं, मतदारयाद्या, उमेदवारांची पत्रकं तिकडच्या अभिलेखागारांनी जपलीत आणि ईमेल केला की स्कॅन करून पाठवतात.

परवा एका आडगावातल्या, सपाटून पडलेल्या उमेदवाराचं जुनं पत्रक आलं. सुट्टीत कोल्हारला माहेरी होते. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांना कौतुकानं लॅपटॉपवर दाखवलं. पडलेल्याचा कागद कशाला ठेवला, असं त्यांनी विचारलं. मी वर्गातल्या ऐटीत सांगितलं, जिंकलेल्याचं सगळीकडे सापडतं, हरलेला काय म्हणत होता ते फक्त त्याच्या पत्रकात उरतं.

तरुणपणी दादाही एकदा पंचायत समितीला उभे राहून पडले होते. घरात त्यावर कुणी कधी बोललं नाही. ते हळूच म्हणाले, "माझं हाय का गं कुठं?"

त्यांच्या पत्रकांचा गठ्ठा होता, पोटमाळ्यावर. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत मलाच सापडला. वरच्या कागदावर नाव दादांचं आणि त्याच्याही वर देवीचा फोटो. असले कागद आमच्याकडे रद्दीत घालत नाहीत, पायाखाली येतात म्हणून. निर्माल्याबरोबर मी तो गठ्ठा स्वतःच्या हातानं प्रवरेत सोडला, वर नमस्कारही केला. संशोधक म्हणे! कप्पाळ माझं. दुसरी प्रत कुठल्या कचेरीत असणार? आपल्याकडे पत्रकं जपतं कोण?

खोटं बोलावं असं फार वाटलं, पण सांगून टाकलं.

"देवीचा फोटो हुता," दादा म्हणाले. "पान्यात सोडलं, बरं केलंस."

रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्या साहेबाचं पत्रक वाचून दाखव म्हणाले. मी ओळीमागून ओळ मराठीत सांगत गेले: गावाला बस, शाळेला छप्पर, गरिबांना घरं. दादा मान हलवत ऐकत होते. तुमच्या पत्रकात काय होतं, मी विचारलं.

"लई काय काय लिवलं हुतं. आता न्हाई आठवत. तू वाचलं असशील की."

मी वाचलं नव्हतं. गठ्ठ्याची सुतळीसुद्धा सोडली नव्हती.