आखरीचं बराबर कवा बोलल्या?

जुन्या जालन्यात माझ्या कापडदुकानासमोर एक रुग्णवाहिका उभी असते. तिच्या चालकाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो फार सावकाश बोलतो, चहा बशीत पार गार करून पितो. कुणी हसलं तर म्हणतो, “जल्दी गाडीला असू द्या, तोंडाला न्हाई.”

एका सकाळी भाकरी थापताना आईचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. मी त्यालाच हाक मारली. तिला गाडीत घेताना त्यानं एवढंच विचारलं, “आखरीचं बराबर कवा बोलल्या?”

“पावणेनऊला.”

त्यानं ती वेळ पेनानं तळहातावर लिहिली. मी जवळचा दवाखाना सुचवला.

“न्हाई दादा. मेंदूतली रक्ताची गाठ ओढून काढणारे डॉक्टर संभाजीनगरला हायेत. मी फोन करून राह्यलो. झटका येऊन किती घंटे झाले, ते पैले इचारतेत.”

तिथं पोचताच त्यानं डॉक्टरांपुढे तळहात धरला. त्यांनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेली आणि गाठ बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी तो वॉर्डाच्या दारात येऊन थांबला. आईनं उजवा हात हळूच उचलून त्याला आत बोलावलं. “बस की, बाळा.”

शब्द जरा जड आले, पण पुरते आले. तो खाली बसला आणि तळहातावरची पुसट झालेली वेळ अंगठ्यानं पुसू लागला.