शवपेटीसाठी मैफल

आमच्या क्लबानं शवपेटी घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिला आक्षेप अध्यक्षबाईंनीच घेतला. पेटीला नाही, तिच्या पैशांसाठी ठेवायच्या गाण्यांना.

"मढ्याच्या पेटीसाठी गानं-बजावनं कायले करता वं?" त्या भर बैठकीत मला म्हणाल्या. "लोकं काय म्हनतीन?"

बाई कारंज्यातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या निम्म्या कर्त्या माणसांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली. मी दातांची डॉक्टर आणि क्लबाची सचिव. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा अक्कलदाढ काढणं मला सोपं वाटायचं. पण त्या दिवशी मी मागे हटले नाही.

माझे बाबा गावी, रिठदला वारले ते ऐन मे महिन्यात. भाऊ सैन्यात, पार ईशान्येच्या टोकाला. त्याला घरी पोचायला दीड दिवस लागला. आम्ही रिसोडहून भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या आणल्या. लाद्या वितळत होत्या, ओसरीवरून पाणी अंगणात उतरत होतं आणि आई दर थोड्या वेळानं उठून ते फडक्यानं टिपत होती. भाऊ आला तेव्हा त्याला बाबांचं तोंड नीट पाहूही दिलं नाही कुणी. "चला, उचला लवकर," एवढंच सगळे म्हणत होते. त्याबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही.

बैठकीत मी हे सांगितलं. आपल्याकडची पोरं पुण्याला, सुरतेला कामाला आहेत. मागे कुणी गेलं तर ती येईपर्यंत वाट पाहता यावी, म्हणून विजेवर चालणारी, आत गारवा धरणारी एक पेटी गावात असावी. ज्याला लागेल त्यानं न्यावी.

बाईंनी पेटीची किंमत विचारली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पन फजिती झाली तर तू पुढं होशीन. मी नाई."

अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रा ठरला. जुनी सिनेमाची गाणी, रविवारी दुपारी चार वाजता, गावातल्या सभागृहात. तिकिटं आठवडाभर आधीच संपली.

त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझा फोन वाजला. अनोळखी बाईचा आवाज होता. "मॅडम, तुमच्या दवाखान्याच्या पाटीवर नंबर बघितला. आमच्यातल्या एकाची दाढ फार दुखतेय. रविवार आहे, माहितीये. पण प्लीज."

दवाखान्यासमोर एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती, टपावर काळ्या पेट्या बांधलेल्या. चौघं जण होते. त्यातला एक पस्तिशीचा, केसांचा बुचडा बांधलेला, गालावर गमछा दाबून पायरीवर बसला होता. फोन करणारी बाई त्याच्याच वयाची असावी. ती म्हणाली, "नागपूरहून पुण्याला चाललोय. रात्रभर झोपला नाही हा. समृद्धीवर अगदीच सहन होईना, म्हणून कारंज्याला खाली उतरलो."

खालची मागची दाढ अर्धी तुटलेली होती आणि मुळाशी पू होता. माझी मदतनीस रविवारची सुट्टीवर, त्यामुळे दिवा धरायला मी त्या बाईलाच उभं केलं. इंजेक्शन दिलं, जबडा बधिर झाला आणि दाढ निघाली. मी खड्ड्यावर कापसाची गादी दाबून धरली होती, तेवढ्यात फोन वाजला. हात रक्तानं भरलेले. मी त्या बाईला म्हटलं, "स्पीकरवर टाका जरा."

ऑर्केस्ट्राचा मालक होता. "मॅडम, आमी येऊन नाई राह्यलो."

"काहून?"

"आमच्या गायिकेनं तुमचं पोस्टर आता पाह्यलं. तुमी आमाले समाजकार्य म्हनून सांगतलं व्हतं. शवपेटी म्हनून नाई सांगतलं. तिच्या घरी पुढच्या हप्त्यात लगन आहे. अशा अपशकुनी कामाले मी गात नाई म्हनते."

"मग तुम्ही बाकीचे या."

"तिच्याबिना काय वाजवाव आमी? माफ करा मॅडम." फोन बंद झाला.

मी त्या माणसाला नेहमीच्या सूचना द्यायला लागले. चोवीस तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गरम काही नाही. आवाज माझाच होता, पण डोक्यात अध्यक्षबाईंचं वाक्य फिरत होतं: तू पुढं होशीन. चार वाजायला पाच तास उरले होते.

त्यानं टेबलावरचा माझा चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला आणि त्यावर लिहिलं, "किती वाजता आहे?"

मला कळेना. ती बाई म्हणाली, "आम्ही बँड आहोत मॅडम. रॉक. हा गातो आणि गिटार वाजवतो. मी ड्रम वाजवते. सामान सगळं गाडीत आहे. उद्या संध्याकाळपर्यंत पुण्याला पोचलो तरी चालतं आम्हाला."

"अहो, पण यांना गाता येणार नाही," मी म्हटलं. "खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्यावरच जखम भरते. तोंड जोरात उघडलं, ताण दिला, तर ती निघून येईल. मग रक्त थांबवणं अवघड."

त्यानं लिहिलं, "ती गाईल. मी फक्त वाजवेन."

"शब्द द्या."

त्यानं मान डोलावली. एक डॉक्टर म्हणून मी त्याला तिथूनच झोपायला पाठवायला हवं होतं. मी त्याला सभागृहाचा पत्ता सांगितला.

मग बाईंना फोन केला. "बाई, कलाकार बदललेत. पुण्याचे पाहुणे आहेत."

"काय गातात?"

"गाणी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

साडेतीनलाच सभागृह भरलं. पुढे पेठेतले व्यापारी आणि त्यांच्या घरच्या बाया, मध्ये शिक्षक, बँकेतले लोक, सगळ्यात मागे कॉलेजची पोरंपोरी. बाई पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत. पडद्यामागे ड्रम मांडणं चालू होतं. गायक गालाला बर्फ लावून खुर्चीत बसला होता. मी त्याचं तोंड उघडून पाहिलं. गुठळी धरली होती. "बोलूसुद्धा नका," मी म्हटलं.

मी माईकवर जाऊन सांगितलं की अकोल्याचे कलाकार येऊ शकले नाहीत आणि त्यांच्या जागी अचानक आलेले पाहुणे आहेत. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मी घाईनं विंगेत शिरले आणि पडदा उघडला.

ड्रमचा पहिला ठोका पडला तसा पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी दोन्ही कानांत बोटं घातली. ड्रमवाली वाजवता वाजवताच गात होती, घोगऱ्या, दमदार आवाजात. गाणी त्यांची स्वतःची होती, मराठी आणि हिंदी, पण गिटारच्या आवाजात शब्द काही कळत नव्हते. मागची पोरं पहिल्याच गाण्याला उभी राहिली. पुढचे लोक मागे वळून पोरांकडे, मग एकमेकांकडे पाहायला लागले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यात दुसऱ्या रांगेतला एक कापड दुकानदार उठला.

"हे काय चालून राह्यलं? जुनी गानी म्हनून तिकीट घेतलं ना आमी!"

"बसा ना काका खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसत नाई! मढ्याच्या नावावर धिंगाना लावला का तुमी?"

त्याच्याबरोबर आणखी दहा-बारा जण उठले. मागची दोन पोरं खुर्च्यांमधून पुढे यायला लागली. बँड मध्येच थांबला आणि एकदम शांत झाल्यावर ते सगळं आणखीच वाईट दिसायला लागलं. ड्रमवाली माझ्याकडे पाहत होती. काय करावं ते मला सुचत नव्हतं.

तेवढ्यात बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढून मंचावर आल्या. संपलं, मी मनात म्हटलं. त्यांनी ड्रमवालीच्या पुढचा माईक काढून हातात घेतला.

"बसा," त्या म्हणाल्या.

दुकानदार बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चौथीतल्या पोरासारखा गपकन बसला. उठलेले बाकीचे बसले. ती दोन पोरंही होती तिथंच रिकाम्या खुर्च्यांवर टेकली.

"आवाज मोठा आहे," बाई म्हणाल्या. "मले मान्य आहे. माझ्या छातीत धडधड होऊन राह्यली. पन मी दुपारीच अकोल्याले फोन केला व्हता. आमच्या सचिवबाईनं मले काही सांगतलं नाई, पन मले म्हाईत आहे. ज्यायले आपन बोलावलं, ते अपशकुनाच्या भेवानं आले नाई. ज्यायले बोलावलं नाई, ते गाडी थांबवून आले."

मी विंगेतल्या खांबाला टेकले.

"माझा पोरगा परदेशात आहे. उद्या मले काही झालं, तर त्याले इथं याले दोन दिवस लागतीन. त्यानं माझं तोंड पाह्याव असं मले वाटते. त्यासाठी मी घंटाभर कान दुखवून घेतो. तुमी बी घ्या. आन मरनाची गोष्ट हाय म्हनून रडतच ऐकाव, असं कोनं सांगतलं तुमाले?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. बाईंनी माईक जागेवर लावला, पण खाली गेल्या नाहीत. विंगेतली खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "मले फसवतं का वं," एवढंच पुटपुटल्या, माझ्याकडे न पाहता.

त्यानंतर मैफल रंगली. ड्रमवालीनं ठेका जरा धीमा केला, लोकांना टाळ्या धरायला शिकवल्या. मागच्या पोरांनी त्या उचलल्या, मग शिक्षकांनी, शेवटी पेठेतल्या बायांनीसुद्धा. कानांत बोटं घातलेल्या आजोबांचा एक पाय हलायला लागला. दुकानदार हाताची घडी घालून बसला होता, पण बसला होता.

शेवटच्या गाण्याच्या आधी गायकानं माझ्याकडे पाहिलं. इंजेक्शन देऊन सहा तास होत आले होते, बधिरपणा केव्हाच गेला असणार. तो माईककडे सरकला. मी जोरात मान हलवली, नाही. त्यानं नजर वळवली आणि गायला सुरुवात केली.

दोन पावलं पुढे गेले असते, तर मी त्याला थांबवू शकले असते. पडदा ओढायची दोरी माझ्या हाताशी होती. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. सभागृह उभं होतं, सगळे एका ठेक्यात टाळ्या वाजवत होते, आणि मला ते मोडायचं नव्हतं. हे मी आज उघड लिहिते, कारण त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की आता उशीर झालाय.

दुसऱ्या कडव्यात त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल दिसलं. त्यानं मनगटानं पुसलं आणि गिळलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं नाक मुरडलं. तिला वाटलं, पान खाऊन गातोय. तो गात राहिला. आवाज जाड, अडखळता, पण त्यात असं काही होतं की बाई खुर्चीतून पुढे वाकून ऐकत होत्या. त्या लाल रंगावरून माझी नजर हटत नव्हती.

पडदा पडताच मी त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं. गुठळी निघून गेली होती. गादी बदलली, भिजली. पुन्हा बदलली, पुन्हा भिजली. ड्रमवाली दिवा धरून उभी होती. मी दोन टाके घातले, औषधाची पट्टी आत बसवली आणि वर नवी गादी बोटानं दाबून धरली. वीस मिनिटं बोट काढलं नाही. गादी उचलली तेव्हा ती गुलाबी होती, लाल नव्हती. मी खुर्चीवर बसले.

"मी तुम्हाला थांबवायला हवं होतं," मी म्हटलं.

त्यानं गठ्ठ्यावर लिहिलं, "मी थांबलो नसतो."

बाई आमच्या मागोमाग आल्या होत्या आणि दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. "त्याचं त्यानं पाह्यलं," त्या मला म्हणाल्या. "तरी तू थांबवाले पाह्यजे व्हतं."

मी हो म्हटलं.

तासभर मी त्याला खुर्चीतून हलू दिलं नाही. दिवे लागायच्या वेळेला ते निघाले. बाईंनी घरून दह्यात कालवलेला मऊ भात डब्यात आणून दिला आणि गार झालाय का ते स्वतः बोट लावून पाहिलं.

आठवड्यानं ड्रमवालीचा फोन आला. त्याची जखम चिघळली होती, दोन कार्यक्रम रद्द करावे लागले होते. पुण्यातला डॉक्टर विचारत होता, दाढ काढल्यावर गायची परवानगी कुणी दिली. "काय सांगितलं मग?" मी विचारलं. "काही नाही, हसला नुसता," ती म्हणाली. मी त्याला फोन द्यायला लावला आणि माफी मागितली. सुजलेल्या तोंडानं तो काहीतरी बोलला, मला ते नीट कळलं नाही.

पेटी महिन्यानं आली. पहिला निरोप आसेगावहून होता, मुलं सुरतेहून निघाली होती. मी दवाखाना अर्ध्यात बंद करून पेटी चढवलेल्या टेम्पोपाशी पोचले, तर बाई आत ड्रायव्हरशेजारी आधीच बसल्या होत्या, मांडीवर वायरचं भेंडोळं घेऊन.

"तिथं लाईन जाते-येते म्हने," त्या म्हणाल्या. "गिरनीवाल्याले जनरेटर चालू ठेवाले सांगतलं मी. चाल, बस लवकर."

मी बाजूला बसले. ड्रायव्हरनं गाडी मंगरूळपीरच्या रस्त्याला घातली.