निळ्या टाक्यांची चप्पल

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते, कारण हिच्यात चूक माझी आहे. मी शिपाई म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा घरीच वाचून दिल्या आणि फौजदार झाले. माणूस नजरेवरून ओळखते, असं मी तोऱ्यात सांगायचे. तो तोरा एका अकरा वर्षांच्या पोरीने उतरवला.

बेलापूरची एक सोसायटी. फिर्यादी तिथले सेक्रेटरी. त्यांच्या बायकोने सकाळी दारात पापलेट घेतले, मासे धुवायचे म्हणून सोन्याच्या बांगड्या काढून दाराजवळच्या कपाटावर ठेवल्या, दार नुसतं लोटलं आणि आत गेल्या. अर्ध्या तासाने बांगड्या गायब. मजल्यावर बाहेरचं माणूस एकच, जवळच्या दिवाळे गावची कोळीण. ती तेव्हा शेजारच्या दारात पाटी उतरवून बसली होती. बाजूच्या बिल्डिंगमध्ये राहणारा सेक्रेटरींचा भाचा आपण होऊन पोलीस ठाण्यात आला. माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, मॅडम, ही बाई नेहमीच घरांत डोकावते. मी त्याला चहा पाजला. कोळणीला अटक झाली, कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

तिची मुलगी तिच्याबरोबरच फिरायची, त्या सकाळीही होती. शाळेत टिकत नव्हती. वर्गाच्या बाई म्हणायच्या हुशार आहे, पण उद्धट आहे. आई मासे विकेपर्यंत ही प्रत्येक दाराबाहेरच्या चपला जोडीजोडीने लावत बसे. सोसायटीतले लोक हसायचे, ‘आली आमची मॅनेजर’ म्हणायचे.

लहान साक्षीदाराचा जबाब त्याच्या घरी, साध्या कपड्यांत जाऊन घ्यायचा असतो. मला घाई होती. मी सकाळीच तिला तिच्या आजीबरोबर ठाण्यात बोलावलं. समोर बसवलं आणि मायेनेच म्हटलं, “खरं सांग बाळा. खरं सांगितलंस की आई संध्याकाळी घरी येईल.”

ती छताच्या पंख्याकडे बघत म्हणाली, “शेक्रेटरीच्या दारात चपलांच्या चार जोड्या होत्या. मंग पाच झाल्या. पाचवी बाप्याची, काली. डाव्या पट्ट्याला निल्या दोऱ्याचे तीन टाके. मंग परत चार झाल्या.”

मी पुन्हा विचारलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. तिसऱ्यांदा विचारलं, तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही. आमच्या खात्यात एक ठोकताळा आहे: खरं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो, शब्दाला शब्द जुळला तर समजावं पढवलंय. त्यात ही नजरही देत नव्हती. ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणून मी टेबलावर हात आपटला, तर कानांवर हात ठेवून डुलायला लागली. मी केस डायरीत लिहिलं: साक्षीदार पढवलेली दिसते.

कोठडीतून आई एवढंच म्हणाली, “माझी पोर खोटं बोलत नाय बाई. तिला त्ये येतच नाय.” आमचा हवालदार म्हणाला, सगळ्याच आया असंच म्हणतात. मी हसले. ते हसू मला अजून टोचतं.

जबाबापासून चौथ्या दिवशी दसरा होता. ठाण्यात शस्त्रपूजा असते, आजूबाजूच्या सोसायट्यांचे पदाधिकारी येतात. सेक्रेटरी आले, गाडी चालवायला भाचा होता. पूजेच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडला. आजी लेकीचा डबा घेऊन आली होती आणि पोर ढिगापाशी बसून जोड्या लावत होती. लावता लावता थांबली. एक काळी चप्पल उचलून पंख्याकडे बघत म्हणाली, “पाचवी.”

डाव्या पट्ट्याला निळे टाके. मी मोजले. तीन.

चप्पल भाच्याची निघाली. चोरी करायला गेलेला माणूस सवयीने चपला बाहेर काढून आत गेला होता, माणसाची सवय त्याच्या अकलेपेक्षा जुनी असते. चौकशीला बसवला तेव्हाही तो माझ्या डोळ्यांत बघूनच बोलत होता. दोन तासांत त्याने तीन हकिकती सांगितल्या, प्रत्येक थोडी वेगळी. माझ्या ठोकताळ्याप्रमाणे तोच खरा साक्षीदार. चौथ्या हकिकतीत बांगड्या कुठे आहेत ते आलं. पंचांसमोर त्याच्याच स्कूटरच्या डिकीतून काढल्या.

दुसऱ्या दिवशी कोळणीला कोर्टाने सोडलं. सोसायटीने मात्र तिला गेटच्या आत परत घेतलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, एकदा नाव आलं ना मॅडम, लोकांना टेन्शन येतं. भाचा जामिनावर सुटून त्याच गेटमधून रोज ये-जा करत होता, त्याचं टेन्शन कुणाला आलं नाही.

माझ्या हट्टाने पोरीला मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, अ‍ॅस्पर्गर. आता त्याला ऑटिझममध्येच धरतात. अशा काही मुलांना समोरच्याची नजर सोसत नाही, मोठा आवाज अंगावर आल्यासारखा वाटतो. आणि घडलं एकदाच, तर सांगायचंही एकाच तऱ्हेने, दुसरी तऱ्हा कशाला? आपण बोलतो त्यातलं अक्षर अन् अक्षर ती खरं धरतात. मी ऐकत होते आणि मला माझंच वाक्य आठवत होतं. पोरीने सकाळी खरं सांगितलं होतं. आई चार संध्याकाळी घरी आली नव्हती.

नंतर नव्या पोरींना ट्रेनिंगमध्ये मी हे शिकवत राहिले: नजर हा पुरावा नाही, आणि मुलाला असं वचन देऊ नका जे तुमच्या हातात नाही. त्या वहीत लिहून घेतात. माझी डायरी मात्र रेकॉर्डला तशीच आहे, ‘पढवलेली’ या शब्दासकट.

आता कोळीण दिवाळ्याच्या बाजारातच बसते. मी मासे तिच्याकडूनच घेते. ती चांगलं तेच काढून देते, पैसे मोजून घेते. पोर आता मोठी झाली, बर्फाच्या पेट्या सांभाळते. मी दिसले की उठून होड्यांकडे चालू लागते.

एकदा न राहवून मी विचारलं, अजून राग आहे का गं तिला माझा?

कोयता न थांबवता ती म्हणाली, “राग नाय बाई. तिला येवढंच म्हाईत हाय का तुमी बोलता तसं होत नाय.”