पंधरा जागा वाटल्या, प्रिन्सिपॉल राहिले

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीचा उन्हाळा... भिंगारला आमच्या घरी रोज संध्याकाळी मीटिंग भरायची. नगरला नवं कॉलेज काढायचं होतं आणि त्याचं गव्हर्निंग बोर्ड काही केल्या ठरत नव्हतं.

मी नुकतीच मॅट्रिक पास झाले होते. पुण्याला एकटीला पाठवणार नाही, हे बाबांनी आधीच सांगून टाकलेलं. जूनमध्ये नगरचं कॉलेज निघालं तर शिकायचं, नाहीतर लग्न... स्थळसुद्धा बघून झालं होतं.

बोर्डात माणसं पंधराच, हे या मंडळींनी स्वतःच ठरवलं. काही आमच्या चर्चने नेमायची, त्यांत बाबा, काही देणगीदारांनी, एक नगरपालिकेने, एक जिल्ह्याच्या लोकल बोर्डाने... चर्चचा एक वाढला की देणगीदार रुसायचे, देणगीदार वाढला की बाबांचं तोंड वाकडं. मुलं कुठे बसणार, प्रोफेसर कुठून आणणार, यावर चकार शब्द नाही! आत कपबश्या विसळून आई आणि मी नुसत्या वैतागलो होतो.

शेवटी एकदाचं ठरलं. दुसऱ्या दिवशी कागद विद्यापीठात जायचे, म्हणून प्रिन्सिपॉल होणारे सर घरी आले. त्यांनी नावं वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. "मंडळी, यात मी कुठे आहे?"

कुठेच नव्हते! सगळ्या जागा वाटून झाल्या आणि कॉलेज चालवणारा माणूसच राहून गेला... प्रिन्सिपॉलशिवायचं बोर्ड विद्यापीठ मान्य करत नाही, हे मंडळींतल्या वकीलसाहेबांना तेव्हा आठवलं. धन्य!

सोळा करा, असं कोणीतरी म्हणालं. "सर चर्चचं मानूस, मंग आमचाबी एक वाढवा," देणगीदारांतले राहुरीकडचे पाटील लगेच बोलले. "पारडं सारखं ऱ्हायला पायजे."

कोणी जागा सोडेना. बाबा तर आढ्याकडे बघत बसले... वर्षभर सायकलवर फिरून ज्यांनी कॉलेजसाठी लोकांचे उंबरे झिजवले, तेच! मला संतापाने रडू यायला लागलं.

चहाची वेळ झाली, पण चहा येईना. बाबांनी हाक मारली, परत मारली. मग आई दारात आली. पारनेरकडच्या खेड्यातली, परक्या पुरुषांसमोर कधी तोंड न उघडणारी माझी आई.

"चहा न्हाई आज. आदी सरान्ला जागा करा, मंग दूध तापवते. आन कुनी उठत नसंल तर तुमी उठा... पोरीचं शिक्शान ऱ्हाईल, खुर्चीचं काय घिऊन बसलाय?"

बाबा लालबुंद झाले. मग त्यांनी आपल्याच हाताने आपलं नाव खोडलं आणि तिथे सरांचं लिहिलं. आईशी मात्र ते कितीतरी दिवस बोलले नाहीत.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. बोर्डाची मंडळी कडक कोट घालून पुढे खुर्च्यांवर, बाबा मागे गर्दीत उभे... आणि मी वर्गात, मूठभर मुलींमध्ये.

पुढे जन्मभर कॉलेजातच शिकवलं. बोर्डं आली आणि गेली, जागांची भांडणं तीच! आज नव्वदी उलटली तरी आठवलं की डोकं उठतं.

आईला कोणी कुठेच नेमलं नव्हतं... पण मी शिकले ती तिच्यामुळे.